फेब्रुवारीतला कूलर

शामलाबाईंनी पदर कमरेला खोचला, स्टुलावर चढल्या आणि खिडकीबाहेरच्या कूलरवरचं प्लास्टिक एका हिसक्यात ओढलं. पावसाळ्यापासून साठलेली धूळ भसकन त्यांच्याच तोंडावर आली. त्या खोकल्या, पण खाली काही उतरल्या नाहीत. फेब्रुवारी नुकता लागला होता. नागपुरात अजून सकाळचा स्वेटर सुटला नव्हता, आणि समोरच्या घरच्या इंदुताई उन्हाकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. कूलर उघडा पडलेला पाहून त्यांचे हात थांबले.

"काय वं शामलाताई, यंदा उन्हाळा तुमच्याच घरी आला का पहिले?"

शामलाबाईंनी नुसतं हसून घेतलं. त्यांचं लक्ष आतल्या दाराकडे होतं. तिथून आता कोण येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो आलाच. त्यांचा नवरा, सुमंत मेश्राम, हातात पेपर, गळ्याला मफलर आणि कपाळाला आठ्या घेऊन दारात उभा राहिला. पण उभी हयात कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला अरेतुरे करणं बरं नाही. गल्ली त्यांना सर म्हणते, आपणही सरच म्हणू.

"हे काय करून राहिली?" सरांनी विचारलं.

"कूलर लावून राहिली."

"थंडीत?"

"शिकायचं तर थंडीतच शिकावं. उन्हाळ्यात कोणाले धीर राहते?"

या घरात कूलर म्हणजे सरांचा प्रांत. दरवर्षी होळीच्या आसपास एका सकाळी सर बनियनवर, डोक्याला रुमाल बांधून अंगणात उतरत. कूलर धुवायचा, गंजू नये म्हणून तळाला काळा रंग मारायचा, वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवायच्या, पंख्याला तेल द्यायचं, पंप चालतो का ते बादलीत बुडवून पाहायचं. त्या दिवशी मधे कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. शामलाबाईंचं काम पाना हातात द्यायचं आणि चहा करायचा. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी कूलरला हात लावला तो फडकं मारायला. त्यामुळे सरांना आधी हसू आलं, मग राग आला, आणि शेवटी, शिक्षकाची खोड ती, त्यांनी खुर्ची ओढली आणि शिकवायला बसले.

स्वतः हात लावायची त्यांना मुभाच नव्हती. डिसेंबरात अँजिओग्राफी झाली होती. हृदयाच्या नळ्या बंद होत आलेल्या निघाल्या, आणि डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की जिने सावकाश चढा, वजन उचलू नका आणि बायपास लवकर उरकून घ्या. पहिल्या दोन गोष्टी सर इमानानं पाळत होते. तिसरीला त्यांनी बगल दिली होती. आधी म्हणाले, मेघा हैदराबादहून येऊन जाऊ दे. लेक आली, चार दिवस डोकं फोडून परत गेली. मग म्हणाले, संक्रांत होऊ दे. आता नवीनच काढलं होतं, उन्हाळा जाऊ दे. नागपूरच्या उन्हाळ्यात छातीचे टाके घेऊन कोण बसेल, आणि कूलर तरी कोण लावेल?

खरं सांगायचं तर सर घाबरले होते. पण घाबरलो म्हणायला त्यांच्याकडे शब्द नव्हता, सिद्धान्त होता.

सिद्धान्त त्यांचा स्वतःचा नव्हे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांत त्यावरून भांडणं आहेत, हेही ते प्रामाणिकपणे सांगत. म्हणणं असं की अणूच्या पोटात एखादी गोष्ट अशीही होऊ शकत असेल आणि तशीही, तर ती दोन्ही होते, आणि जगाला दोन फांद्या फुटतात. एका फांदीवर असं, दुसरीवर तसं. दोन्ही खऱ्या, फक्त एकीवरून दुसरी दिसत नाही. हे घडीघडीला चालूच असतं. आता एखाद्या फांदीवर माणूस मेला, तर तिथं बघायला तो काही उरत नाही. तो बघणार जिथं वाचला तिथून. म्हणजे ज्याचं त्याला विचाराल तर तो कायम वाचलेलाच असतो. शंभरात एक वाचो की लाखात एक, मी डोळे उघडीन तेव्हा वाचलेलाच असन, असं सर वरणभात कालवता कालवता सांगायचे. मग ऑपरेशन केलं काय अन न केलं काय?

उदाहरणही ठरलेलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी नरखेडहून येताना काटोल रोडवर त्यांची स्कूटर गिट्टीवरून घसरली होती. दोघं डावीकडे पडले आणि ट्रक उजवीकडून गेला. एका फांदीवर आपण उजवीकडे पडलो अन संपलो, सर सांगत, पण आपल्याला त्याचा पत्ता तरी आहे का? आपण बसलो इथं, वरणभात खात.

शामलाबाई सुरुवातीला तोंडास तोंड देत. एकदा त्यांनी विचारलं होतं, बुद्धानं सगळंच अनित्य आहे म्हणून सांगितलं, मग तुम्ही एकटेच नित्य कसे निघाले जी? सरांनी ते हसण्यावारी नेलं. मेघा फोनवर रडली, रागावली, दोन दिवस बोललीही नाही, तर तिलाही त्यांनी फांद्याच ऐकवल्या. जानेवारीच्या शेवटी शामलाबाई एकदम गप्प झाल्या. ऑपरेशनचा विषय त्यांनी तोंडातून काढला नाही. सरांना वाटलं, चला, पटलं हिला.

तर शिकवणी सुरू झाली. पहिला धडा प्लगचा. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात विजेचा पंप. नागपुरात दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं कोणाला झटका बसतोच. नुसतं बटन बंद करून भागत नाही, सर पुन्हापुन्हा सांगत होते, प्लग उपसून काढायचा आणि मगच पाण्याला हात लावायचा. शामलाबाई बटन बंद करत आणि प्लग विसरत. पुन्हा सांगितलं, पुन्हा विसरल्या. त्यांचा हात टाकीत जाणार तोच सर खुर्चीतून उठून असे ओरडले की इंदुताई शेंगा टाकून फाटकापर्यंत आल्या.

"एकटी राहशीन तेव्हा कोण पाहीन तुले?"

बोलून गेले, आणि स्वतःचंच बोलणं कानात गेल्यासारखे सर खाली बसले. शामलाबाईंनी प्लग काढला. तो पुन्हा नजरेआड राहू नये म्हणून त्याची वायर खिडकीच्या गजाला गुंडाळली आणि मग टाकीत हात घातला.

एवढ्यावर थांबलं असतं तर सरांनी मनावर घेतलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी गच्चीवरच्या टाकीचा कॉक कोणत्या बाजूला फिरवायचा ते विचारलं. वर जाऊन फिरवूनही आल्या. मग एका दुपारी त्या एकट्याच ई-रिक्षानं सदरच्या बाजारात गेल्या आणि कूलरचा नवा पंप घेऊन आल्या. आजवर सदर म्हणजे सरांच्या स्कूटरवर मागे बसून जायची जागा होती. पंप बरोबर निघाला. सरांनी तो उलटासुलटा करून पाहिला, खोट काढायला काही सापडलं नाही, तेव्हा चांगला आहे म्हणाले आणि पेपर उघडला.

रविवारी तर कहर झाला. रविवारचे तर्री-पोहे सर आणणार, हा या घरातला कायदा. स्टीलचा डबा घेऊन ते चौकात जात, ठेलेवाल्याशी क्रिकेटवर हुज्जत घालत आणि तर्री सांडू न देता परत येत. त्या रविवारी ते आंघोळ करून बाहेर आले तर डबा टेबलावर भरलेला. शामलाबाई पहाटेच चौकात जाऊन आल्या होत्या. पोहे गरम होते, तर्रीत चणे भरपूर होते, वर सांबार, म्हणजे कोथिंबीरही पेरलेली होती. तरी सरांनी दोन घासांत बशी बाजूला सारली. घरातली त्यांच्या हातची एकेक गोष्ट बाई काढून घेत होत्या, आणि तीही न भांडता. भांडल्या असत्या तर सरांना तोंड तरी देता आलं असतं.

त्याच संध्याकाळी कूलर पुरा झाला. शामलाबाईंनी टाकी भरली, प्लग लावला, बटन दाबलं. पंखा घरघरला, ताट्यांवरून पाणी झिरपू लागलं, आणि फेब्रुवारीच्या त्या गारठ्यात खोलीभर मे महिन्याचा वास पसरला. एरवी तो वास आला की या घरात आंबरसाच्या गोष्टी निघत. आज सर स्वेटरवर शाल ओढून पाय पोटाशी घेऊन बसले. शामलाबाई पलंगाच्या कडेला बसून समोर बघत राहिल्या. केस उडत होते, ते त्यांनी आवरले नाहीत.

"झालं न शिकून? बंद कर आता. गारठलो मी."

"थोडं थांबा. कसं वाटते ते पाहून राहिली."

"काय कसं वाटते?"

"एकटीनं कूलरपुढं बसाले."

सरांना हसून उडवायचं होतं, पण हसू आलं नाही. मी आहे न इथं, असं ते म्हणाले.

"या फांदीवर आहे," शामलाबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून सर पहिल्यांदाच ऐकत होते. "तुमचा हिशेब मी पुष्कळ ऐकला जी. तुम्ही कायम वाचलेल्याच फांदीवर राहता. राहा, चांगलं आहे. पण ज्या फांदीवर तुम्ही नाही, तिथं कोणी तर राहते न? तिथं मी राहते. जितक्या ठिकाणी तुम्ही जाता, तितक्या शामला मागं राहतात. तुम्ही पाहाले नसता, पण त्या असतात. अन त्यातल्या एकीलेही कूलर लावता येत नाही. म्हणून शिकून राहिली."

सरांनी सवयीनं तोंड उघडलं. वर्गात कोणी शंका काढली की ते असंच उघडायचं आणि उत्तर आपोआप बाहेर यायचं. पण शामलाबाईंचं अजून संपलं नव्हतं.

"काटोल रोडवर आपण दोघं संपलो म्हणता. दोघंच काहून? एखाद्या फांदीवर मी एकटीच गेली असन. तुम्ही तिथं रस्त्यावर बसले असान, माझं डोकं मांडीवर घेऊन. त्या सुमंतची कधी आठवण येते का तुम्हाले?"

नव्हती आली. एकदाही नव्हती आली. गणित मांडताना सरांनी नेहमी गेलेला आणि वाचलेला एवढेच दोघं धरले होते. मागे राहिलेला त्यांच्या फळ्यावर कधी चढलाच नव्हता. आता त्यांना तो दिसला, पंचविशीतला, पॅन्टचा गुडघा फाटलेला, गिट्टीत फतकल मारून बसलेला. त्याच्या मांडीवर काय आहे हे पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.

ते उठले. बटन बंद केलं. मग प्लग उपसला, वायर गजाला गुंडाळली आणि येऊन शामलाबाईंच्या शेजारी बसले. शालीचं एक टोक त्यांनी तिच्या खांद्यावर टाकलं. खोलीत ओल्या वाळ्याचा वास तसाच होता.

"ऑपरेशन केलं म्हणून सगळ्याच फांद्यांवर मी वाचीन असं नाही वं," ते म्हणाले. "एवढंच होते, की एकट्या राहणाऱ्या शामला कमी होतात."

"मग तेवढ्यासाठी करा."

सरांनी मान हलवली. मग नाक पुसलं आणि म्हणाले, "मेघाले फोन लाव. म्हणा, तारीख घे. अन म्हणा, बाप भेला होता."

मेघा मार्च लागायच्या आधीच आली. दवाखान्यात जायच्या सकाळी तिघांनी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून त्रिशरण म्हटलं. एरवी ओठातल्या ओठात पुटपुटणारे सर त्या दिवशी खणखणीत म्हणाले, मधे एकदा आवाज चिरकला तरी थांबले नाहीत. स्ट्रेचरवरून आत नेताना त्यांनी शामलाबाईंना वाकायला सांगितलं. बाईंना वाटलं, काही सांगायचं राहिलं असेल. सरांनी विचारलं, कूलरवर प्लास्टिक टाकलं का? टाकलं, बाई म्हणाल्या, आणि दार लागलं.

ऑपरेशन लांबलं. तेवढ्यापुरतं हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवरून काढताना हृदयानं लवकर ठोका धरलाच नाही. थोडा वेळ असा गेला की इकडंही झालं असतं आणि तिकडंही, असं डॉक्टरांनी नंतर मेघाला सांगितलं, आणि मेघानं धीर करून आईला. शामलाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि डब्यातली खिचडी पातळ झाली का ते बोटानं पाहिलं. सर वाचले होते. बाकीचं ऐकायला त्या दिवशी त्यांना सवड नव्हती.

होळीला कूलर शामलाबाईंनीच सुरू केला. सर छातीला पट्टा बांधून खुर्चीत बसले होते आणि गरज नसताना सूचना देत होते. बाईंनी त्या सगळ्या ऐकल्या, काही मुद्दाम पुन्हा विचारल्या. इंदुताईंनी फाटकातून विचारलं, सर, आता तुम्ही फक्त हुकूम सोडता का? हो, सर म्हणाले, मास्तरकीत प्रमोशन झालं.

मग मे आला, नागपुरात येतो तसाच. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. पडदे ओढून, कूलर लावून दोघं पडले होते. सरांना डुलकी लागली. टाकीतलं पाणी संपल्यावर हवा गरम झाली, तशा शामलाबाई उठल्या. प्लग काढला, गजाला गुंडाळला, पाइपनं टाकी भरली, प्लग लावला आणि परत येऊन बसल्या. ताट्या भिजून हवा पुन्हा गार झाली. सर जागे झाले तेव्हा बाई पदर तोंडाला लावून रडत होत्या.

सरांनी घाबरून विचारलं, काय झालं, मी वाचलो न बाप्पा, आता काहून?

"तुमच्यासाठी नाही रडून राहिली."

"मग कोणासाठी?"

"तिच्यासाठी. त्या फांदीवर डॉक्टर बाहेर आले अन तिले वेगळंच सांगतलं असन, तिच्यासाठी. तिथंही आज एवढंच ऊन असन जी. याच खोलीत बसली असन."

सर कुशीवर होऊन उठून बसले. आयुष्यभर ज्याच्यावरून त्यांनी कॉमनरूममध्ये भांडणं केली, लेकीला रडवलं, ते सगळं त्यांनी एका वाक्यात सोडून दिलं. तसं काही नसते वं, म्हणाले, कागदावरचं गणित आहे ते. एकच जग आहे, हे, ज्यात आपण बसलो.

शामलाबाईंनी नाक पुसलं. त्यांना नवऱ्याचं खोटं चांगलं ओळखता येत होतं.

"आता पलटू नका. मले एवढंच सांगा, पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचं तिच्या लक्षात असन का? घरी ओरडाले कोणी नाही तिच्या."

सरांनी खिडकीकडं पाहिलं. मग शामलाबाईंचा हात हातात घेतला. टाकी भरून आल्यामुळे तो अजून ओलाच होता.

"असन," ते म्हणाले. "फेब्रुवारीत शिकली न ती. तेव्हा तुम्ही दोघी एकच होत्या."